भिंतीवर ग्लेझचे पट्टे: टेपची कड आधी बंद करा, मग बाकीचं

ग्लेझ म्हणजे इमल्शनमध्ये कालवायचं पारदर्शक माध्यम, खालचा रंग त्यातून दिसत राहतो. पुट्टी, प्रायमर, बेसचे (म्हणजे खालच्या मूळ रंगाचे) दोन हात हे तुम्हाला येतंय असं धरूनच सांगतो. बेस साटीन (हलकी चमक असलेला) घ्या, मॅट नको, मॅट ग्लेझ शोषून घेतं आणि पट्टा ढगाळ दिसतो. बेसचा वाटीभर रंग शिल्लक ठेवा, लागणार आहे.

माप सोपं आहे, १० फूट म्हणजे १२० इंच, ६ इंची पट्टे केले तर बरोबर २०. फक्त कोपऱ्यावरून माप धरू नका. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात सरळ कोपरा सापडला तर मला दाखवा. ओळंबा सोडायचा आणि पेन्सिल अगदी हलकी, ग्लेझमधून रेघ दिसते. मास्किंग टेप रंगवायच्या पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला लावायचा. एक इंची टेप दोन्हीकडून आत लागला तर ६ चा पट्टा ४ च उरतो, आणि हे शेवटच्या पट्ट्याला लक्षात येतं.

आता खरी गोम. सगळे सांगतात टेप नीट दाबा, दाबा म्हणजे झालं. काही होत नाही. ग्लेझ साध्या रंगापेक्षा पातळ आणि वाळायला हळू, त्याला टेपखाली सरकायला भरपूर वेळ मिळतो, त्यात भिंतीला रोलरचे दाणे असतात. मी मामाच्या हॉलमध्ये तासभर अंगठ्यानं टेप दाबत बसलेलो, टेप काढला तर सगळ्या कडा करवतीसारख्या, मामी चहा ठेवून गप्प निघून गेली. तेव्हापासून एकच पद्धत, जुन्या एटीएम कार्डानं कड घासायची, मग त्या कडेवर बेसचाच रंग ब्रशनं पातळ फिरवायचा आणि वाळू द्यायचा. झिरपायचं ते बेसच झिरपतं, बेसवर बेस, दिसतंय कुणाला? फटी बुजल्या की ग्लेझला आत जायला जागाच नाही. ही पायरी वेळखाऊ आहे म्हणून लोक गाळतात आणि मग टेपच्या कंपनीला शिव्या घालतात.

दुसरं, बेस हाताला कोरडा लागला म्हणून लगेच टेप लावू नका. आपल्याकडं जुलैत कपडे तीन दिवस वाळत नाहीत, तिथं रंगाचं काय घेऊन बसलाय. पावसाळ्यात मी निदान दोन दिवस थांबतो, एकदा नाही थांबलो तर टेपबरोबर बेसची सालं निघाली.

४ भाग ग्लेझ, १ भाग इमल्शन, पूर्ण भिंतीचं एकदाच कालवा, दुसऱ्या खेपेला शेड जुळत नाही. एका वेळी एकच पट्टा, रोलरनं लावा आणि रेघा हव्या असतील तर लगेच कोरडा ब्रश छतापासून खालपर्यंत एका दमात ओढा, मध्ये थांबलात तर तिथं डाग राहतो.

टेप ग्लेझ ओलं असतानाच काढायचा, स्वतःवर दुमडत, सावकाश. तरी एखादा ओघळ गेलाच तर कानातली काडी ओली करून तेवढाच पुसा.