खोक्याचा चौदा आकडी क्रमांक

पुण्यात बिबवेवाडीतल्या आमच्या मसाला उद्योगाने एका किरकोळ विक्रेत्याला पाठवलेली उत्पादनांची यादी तीनदा परत आली, आणि प्रत्येक वेळी कारण एकच होते: पाकिटे भरलेल्या खोक्याचा बारकोड क्रमांक अवैध. पाकिटाच्या बारकोडवरील, ८९० ने सुरू होणाऱ्या १३ आकडी क्रमांकाच्या डावीकडे आम्ही नुसता १ जोडत होतो. परंतु शेवटचा आकडा पडताळणीचा, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून काढलेला, असल्याने तोही नव्याने काढावा लागतो. म्हणून मूळ क्रमांकाचे पहिले १२ आकडे घेऊन, त्यांच्या डावीकडे १ लावून, प्रत्येक आकड्याला उजवीकडून आळीपाळीने ३ व १ ने गुणून आलेली बेरीज पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेणारा आकडा मी शेवटी लिहिला. एक्सेलमधला या क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ (संख्या नव्हे, मजकूर) ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. चौथी यादी स्वीकारली गेली.