राष्ट्रीय प्रयोगशाळेत पीएच.डी. करायचीय? आधी तिथला बेंच बघा

एम.एस्सी. होईपर्यंत एनएमआरचा स्पेक्ट्रम, म्हणजे संयुगाची रचना ओळखायचा आलेख, मी फक्त पुस्तकात पाहिला होता. नगर जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात ते यंत्रच नव्हतं. पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, प्रोजेक्टवर लागलो आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतः केलेल्या संयुगाचा पहिला स्पेक्ट्रम हातात आला. त्यातली शिखरं एस्टर नावाच्या संयुगाची वाटत होती: ४.१२ ला क्वार्टेट (चार टोकांचं), २.०५ ला सिंगलेट (एका टोकाचं), १.२६ ला ट्रिपलेट (तीन टोकांचं). मला एस्टरच हवं होतं. रात्री घरी फोन करून आईला सांगितलंसुद्धा.

सकाळी सीनियर ताईने कागद पाहिला. "अरे, हे इथिल अॅसिटेट आहे. कॉलमचं सॉल्व्हंट. नीट सुकवलं नाहीस." म्हणजे संयुग शुद्ध करताना वापरलेला द्रवच कागदावर दिसत होता. मग शेजारी बसवून तिने वाचायचं कसं ते दाखवलं. सॅम्पल ज्यात विरघळवतात त्या क्लोरोफॉर्मचं ७.२६ चं शिखर आधी ओळखायचं, मग बाकीची सॉल्व्हंटं बाजूला काढायची, उरेल ते आपलं. रोटावर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) आणखी वेळ ठेवून, व्हॅक्यूमला लावून सॅम्पल पुन्हा दिलं. खरं संयुग होतं, पण अगदी थोडं. ताईशेजारचा तो अर्धा तास मला दोन वर्षांच्या एम.एस्सी.पेक्षा जास्त देऊन गेला.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की, जमत असेल तर पीएच.डी.आधी सहा महिने-वर्षभर प्रोजेक्टवर काम करा. पीएच.डी.चं म्हणाल, तर सीएसआयआर (एनसीएलसारख्या प्रयोगशाळा चालवणारी परिषद) आणि यूजीसीच्या नेट परीक्षेतून जेआरएफ ही कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती, झाल्यावर ४२,००० (२०२३ पासूनचे दर), शिवाय घरभाडं. पदवी अॅकसिरची, म्हणजे सीएसआयआरच्या प्रयोगशाळांमध्ये पदवी देणाऱ्या संस्थेची, मिळते. तिच्यात कोर्सवर्कबरोबर 'सीएसआयआर-८००' नावाचा काही आठवड्यांचा सामाजिक प्रकल्पही असतो. तो उरकून टाकू नका. आपल्या गावचं पाणी, माती तपासायची चांगली संधी आहे ती. हे सगळं नियमात लिहिलेलं सापडतं. पाच वर्षं ज्या बेंचवर, म्हणजे प्रयोगाच्या टेबलापाशी, उभं राहायचं, तो कसा आहे हे मात्र तिथे जाऊनच कळतं.

इंजिनिअरांना आणखी एक वाट आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणशाळेची. ती १९५७ पासून चालू आहे. गेट या परीक्षेचे गुण किंवा त्यांची स्वतःची परीक्षा, मग मुलाखत आणि वर्षभराचं प्रशिक्षण. पुढे थेट वैज्ञानिक अधिकाऱ्याची नोकरी. संशोधन करायचंय पण घरची जबाबदारी थांबू शकत नाही, अशांनी हिचा आधी विचार करावा.

मुलाखतीत तुमच्या एम.एस्सी. प्रोजेक्टवरच खोदून विचारतात. हाच बेस (आम्लारी) का वापरला, तापमान इतकंच का ठेवलं. "सरांनी सांगितलं" हे उत्तर तिथे चालत नाही. प्रत्येक पायरीचं कारण आपल्या शब्दांत लिहून काढा. इंग्रजी अडखळलं तरी अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते (मेकॅनिझम) ते फळ्यावर बरोबर काढलं की लोक ऐकून घेतात.

आणि संशोधनाचा ग्रुप निवडण्याआधी तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकट्याला गाठा, चहाला न्या. पेपर किती आले ते नका विचारू, ते नेटवर दिसतंच. विचारा, प्रयोग फसला की तुझ्या शेजारी कोण बसतं?