सीईटीची तयारी घड्याळ लावूनच करा

बारावी सायन्सवाल्यांनो, एमएचटी सीईटी पीसीएम (म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशासाठीची फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सची परीक्षा) देणार असाल तर आधी पेपर कसा असतो ते नीट डोक्यात बसवा. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी १ मार्क. मग मॅथ्सचे ५० प्रश्न, परत ९० मिनिटं, पण इथे एका प्रश्नाला २ मार्क. म्हणजे २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे, आणि तरी मुलं फिजिक्सच्या जाडजूड पुस्तकात महिनेच्या महिने अडकून बसतात, हे बघून खरंच जीव तुटतो.

दुसरं म्हणजे अकरावी. रेस्ट इयर समजून सोडून दिलेली असते, पण साधारण २० टक्के प्रश्न तिथलेच असतात, म्हणजे ४० मार्क झाले की! बरं, सगळी अकरावी करायचीच नाहीये, सिलॅबसमध्ये ठरावीकच चॅप्टर दिलेत, ते आधी उरकून घ्या, गणितात सरळ रेषा, वर्तुळ, परम्युटेशन वगैरे.

केमिस्ट्रीला बालभारतीचं पुस्तक ओळ न ओळ वाचा, चौकटीतली माहिती आणि टेबलंसुद्धा. इनऑर्गॅनिकला तर दुसरं काही लागतच नाही असं माझं मत आहे.

आता वेळेचं. १०० प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे एकाला ५४ सेकंद, यात पूर्ण गणित मांडून सोडवायला बसलात तर संपलं. म्हणून केमिस्ट्री आधी घ्या, ३५ मिनिटांत उरका, उरलेली ५५ फिजिक्सला. कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल नाही, त्यामुळे लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, रूट २, रूट ३ पाठच पाहिजेत. काही गोष्टी सूत्राशिवायच सुटतात, फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शन ७५ टक्के व्हायला दोन हाफ लाइफ लागतात, ९९.९ टक्के व्हायला जवळपास दहा, हे माहीत असेल तर दहा सेकंदात उत्तर. इंटिग्रेशन अडलं तर ऑप्शनचंच डेरिव्हेटिव्ह घेऊन बघा. ट्रिगोनोमेट्रीत थीटाला ३० अंश ठेवा, दोन ऑप्शन सारखे आले तर दुसरा कोन घ्या.

मॉक टेस्ट कॉम्प्युटरवरच द्या, कारण खरी परीक्षाही स्क्रीनवरच आहे आणि प्रश्न वाचून कच्च्या कागदावर उतरवायची सवय लागायला वेळ जातो. टेस्ट संपली की मार्क बघून बंद करू नका प्लीज. एक वही करा, चुकलेला प्रत्येक प्रश्न लिहा आणि पुढे कारण लिहा: येत नव्हता, येत होता पण घाई झाली, की वेळच पुरला नाही. आठ-दहा टेस्टनंतर ती वही उघडली की कुठला चॅप्टर परत करायचा ते आपोआप कळतं, कोणाला विचारावं लागत नाही. घाईवाले प्रश्न जास्त निघाले तर नवीन काही वाचू नका, तेच प्रश्न परत सोडवा.

निगेटिव्ह मार्किंग नाहीये, एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. शेवटची तीन मिनिटं यासाठीच राखून ठेवा. आणि परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टला असते, रिझल्ट पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे शिफ्टमधली किती टक्के मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागे आहेत त्यावर, त्यामुळे तुमचा पेपर अवघड गेला तर शिफ्टमधल्या बाकीच्यांनाही तो अवघडच गेलाय, म्हणून घाबरून मध्येच हात सोडू नका, पुढच्या प्रश्नावर जा.