आजोबा ‘मिलमध्ये होते’? मग शोध घेताना या चुका टाळा

उन्हाळ्याची सुटी लागली की आजोबांच्या नोकरीचा माग काढायला माझ्याकडे कुणी ना कुणी येतंच. हातातल्या मोबाइलमध्ये आजोबांचा टोपीतला एक फोटो आणि तोंडी एकच वाक्य : “आमचे आजोबा मिलमध्ये होते, सगळी माहिती हवीय. परवा पुण्याला परत जायचंय.” दोन दिवसांत लग्नाचा बस्ता बांधून होत नाही, तिथे तीस-पस्तीस वर्षांची नोकरी कुठून सापडणार?

मी विचारतो, कोणती मिल? आपल्या खानदेशातल्या कापडगिरण्याच घ्या : अमळनेरची प्रताप, धुळ्याची न्यू प्रताप, जळगावची खानदेश मिल, की चाळीसगावची लक्ष्मीनारायण? शिवाय आपल्याकडे तेलाच्या कारखान्यालाही मिल म्हणतात, आणि सरकी काढणाऱ्या जिनाला कुणी जिन म्हणतं, कुणी मिल. एवढं ठरलं नसेल तर आधी घरी जा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. चहा दोनदा होऊ द्या.

आता सगळ्यात मोठी चूक. ती मीच केली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घरातला शब्द आजच्या अर्थाने घ्यायचा नाही.

आमची आजी आजोबांबद्दल अहिराणीत एवढंच म्हणायची, “बदलीमा व्हतात.” मी मास्तरकी केलेला माणूस. बदली म्हटलं की मला ऑर्डर, रुजू होणं आणि सामानाचा टेम्पो दिसतो. आजोबा अमळनेरला गिरणीत होते हे माहीत होतं, तेव्हा ते बदलून कुठून आले हे शोधायला निघालो. धुळ्याच्या मिलच्या नावातही ‘प्रताप’ दिसलं आणि मी परस्पर ठरवून टाकलं की धुळ्याहूनच आले. दोन वर्षं धुळ्याच्या वाऱ्या केल्या. बसभाडं सोडा, तिथल्या जुन्या कामगारांच्या घरी जाऊन नसलेल्या माणसाची चौकशी करत बसलो. वहीत एक पानही लिहून ठेवलं होतं, ‘धुळ्याचा कालखंड’. ते अजून फाडलेलं नाही.

शेवटी साळखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, आयुष्य घालवलेले एक आजोबा भेटले. ते आधी पोटभर हसले. “अरे बाबा, बदली म्हणजे कायम नाही तो. भोंग्याला गेटावर जाऊन उभं राहायचं. कुणी कायमवाला आला नाही तर जॉबर (मुकादम) बोट दाखवील तो त्याच्या साच्यावर (मागावर). नाहीतर घरचा रस्ता.”

मग आजीच्या बाकीच्या गोष्टी जुळल्या. आजोबांचा डबा काही दिवशी तसाच परत यायचा, कळण्याची भाकरी आणि ठेचा पोरं वाटून खायची. ‘ते खाण्याच्या बाबतीत नखरेल होते’ असं आम्ही लहानपणापासून हसत सांगत आलो होतो. ते नखरे नव्हते, त्या दिवशी काम मिळालेलं नव्हतं. वाण्याची उधारी एका महिन्यात फिटायची आणि दुसऱ्या महिन्यात का थकायची, तेही तेव्हा कळलं.

तेव्हापासून घरात ऐकलेला कामाचा प्रत्येक शब्द मी जसाच्या तसा लिहितो आणि त्या खात्यात काम केलेल्या माणसाला विचारल्याशिवाय अर्थ लावत नाही. काही जण इंटरनेटवर अर्थ बघून मोकळे होतात. त्यांनी माझं ते पान वाचायला यावं.

जिनातल्या माणसाची गंमत वेगळी. ‘आजोबांनी पाच वेळा नोकरी सोडली’ असं एकाने लिहून आणलं होतं. कापसाचा हंगाम संपला की जिन थंड पडायचं आणि माणसं दुसऱ्या कामाला लागायची. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यातही जिनिंग-प्रेसिंग हंगामी कारखान्यांत धरलेलं आहे. आजोबांनी नोकरी सोडली नव्हती, हंगाम संपला होता.

आजचा जिल्हा धरून जुने कागद शोधणं ही आणखी एक चूक. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं १९६० ची, नंदुरबार वेगळा झाला १९९८ मध्ये. इंग्रजी कागदात धुळ्याचं ‘धुलिया’ असतं, तेही टाइप करून बघा. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरमधून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातून, उतारे डकवणाऱ्यांना हात जोडतो. तुमचे आजोबा १९२५ चे, त्यांचा त्या पुस्तकाशी काय संबंध? जळगावसाठी १९६२ चा खंड काढा.

रेल्वेवाल्यांचं तसंच. ‘आजोबा लाइनवर होते’ म्हटलं की सगळे भुसावळ धरतात. भुसावळ जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं, पुढे मध्य रेल्वेचं. नंदुरबार मात्र ताप्ती व्हॅली रेल्वेच्या सुरत-अमळनेर मार्गावर, म्हणजे पुढे बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे आणि १९५१ पासून पश्चिम रेल्वे. नंदुरबारच्या पॉइंट्समनचा (सांधेवाल्याचा) कागद भुसावळात मागू नका.

अमळनेरच्या आजोबांना साने गुरुजींनी शिकवलं, हे दर तिसऱ्या घरात ऐकतो. गुरुजी तिथल्या शाळेत १९२४ ते १९३० होते. आजोबांचं जन्मसाल तेवढं बघा.

जन्मतारीख १ जून असेल तर ती शाळेतल्या मास्तरांची, आजोबांची नव्हे. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, खरी सापडू शकते, पण ते मोडी लिपीत असेल. मोडी वाचणारा आधी गाठा.

आणि ट्रंक झाडताना पीएफच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नका. १९५२ चा कायदा ज्या पहिल्या सहा उद्योगांना लागला, त्यांत कापडधंदा होता, त्यामुळे मिलवाल्याच्या घरी त्या असू शकतात. असतातच असं नाही, पण असल्या तर सोन्यासारख्या. आमच्याकडची सगळ्यात जुनी चिठ्ठी आजीच्या पोथीत खूण म्हणून घातलेली होती. पोथी वाचायला कुणी उघडली नव्हती, आम्ही फक्त हळदकुंकू लावत होतो.