फर्मवेअर बिघडलेला मॅनेज्ड स्विच पुन्हा सुरू करण्याची पद्धत

मॅनेज्ड स्विच म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारे, मांडणी बदलता येणारे नेटवर्क उपकरण. त्याच्या फर्मवेअरचे, म्हणजे आतल्या प्रणालीचे, अपग्रेड चालू असताना वीज गेली आणि वीज परत आल्यावर स्विच काही उठला नाही, असा प्रसंग कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर केव्हाही येऊ शकतो. अशा वेळी स्विच ‘मेला’ असे ठरवून कोल्हापूरहून किंवा मुंबईहून नवा मागवण्याची घाई होते, आणि घाटातली वाहतूक खोळंबली असेल तर शाळेची संगणक प्रयोगशाळा, पतपेढीची शाखा किंवा आंबा प्रक्रियेचा कारखाना तोवर तसाच अडकून पडतो. वास्तविक अशा बहुतेक वेळी बिघडलेली असते ती फक्त फ्लॅश मेमरीतील प्रणालीची फाइल. ती फाइल वाचून सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, वेगळ्या जागी असतो आणि अपग्रेडमध्ये त्याला सहसा हात लागत नाही. तो शाबूत असेल तर स्विच जागेवरच दुरुस्त होतो. पुढील विवेचन प्रामुख्याने सिस्को कॅटॅलिस्ट २९६० या, अनेक कार्यालयांत आजही चालू असलेल्या, स्विचला धरून केले आहे.

प्रथम बिघाड खरोखर फर्मवेअरचाच आहे का, हे पाहावे. एकही दिवा लागत नसेल आणि पंखाही फिरत नसेल, तर दोष वीजपुरवठ्याच्या भागात आहे आणि येथे सांगितलेल्या उपायांचा तेथे उपयोग नाही. किनाऱ्यालगतच्या इमारतींत खाऱ्या हवेने पोर्टमधील तांब्याच्या मिश्रधातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, त्यामुळे एखाद-दुसरा पोर्ट बंद पडतो. तोही वेगळा विषय, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरतो. फर्मवेअर बिघडल्याची खूण अशी की वीज आहे, पंखा फिरतो, ‘सिस्ट’ (सिस्टिम) दिवा हिरवा लुकलुकत राहतो, पण एकाही पोर्टवर जोडणी मिळत नाही, किंवा स्विच पुन्हा पुन्हा स्वतःच सुरू होत राहतो. कन्सोलवर, म्हणजे स्विचला केबलने जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर, ‘एरर लोडिंग’ किंवा ‘बॅड एमझिप फाइल’ असे शब्द दिसले की शंका उरत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी विजेची व्यवस्था करावी, आणि माझ्या मते या सबंध कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण ज्या कारणाने फाइल अर्धवट लिहिली गेली तेच कारण दुरुस्तीच्या मध्यावर पुन्हा उद्भवले तर केलेले सारे श्रम वाया जातात. स्विच चांगल्या बॅटरीच्या यूपीएसवर घ्यावा आणि ती बॅटरी किमान तासभर टिकते याची आधी खात्री करावी. जांभ्याच्या सड्यावर बांधलेल्या इमारतींत अर्थिंग अनेकदा समाधानकारक नसते, म्हणून लॅपटॉप चार्जरवर न ठेवता पूर्ण भारित बॅटरीवर चालवावा आणि त्याची झोपी जाण्याची सोय बंद करावी. बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या सर्व केबल काढून ठेवाव्यात. आभाळ गडगडत असेल तर काम सरळ दुसऱ्या दिवसावर ढकलावे. स्विच पावसाळ्यात बरेच दिवस बंद पडून असेल, तर कोरड्या खोलीत काही तास ठेवल्याशिवाय त्याला वीज देऊ नये.

जोडणीसाठी एका टोकाला आरजे-४५ असलेली कन्सोल केबल आणि बहुतेक लॅपटॉपसाठी यूएसबी-सिरियल अडॅप्टर लागतो. साधी नेटवर्क केबल कन्सोल पोर्टात घालून काहीही साधत नाही. कन्सोलचा मजकूर दाखवणाऱ्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल बंद अशी मांडणी ठेवावी. विंडोजवर टेराटर्म वापरावा, कारण पुढे लागणारी फाइल पाठवण्याची एक्समोडेम पद्धत त्यात आहे आणि पुटी या दुसऱ्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये नाही. लिनक्सवर मिनीकॉमसोबत एलआरझेडएसझेड हे पॅकेज बसवावे लागते. टर्मिनलवर येणारा सर्व मजकूर फाइलमध्ये नोंदवण्याची सोय पहिल्यापासून चालू ठेवावी. तिचा उपयोग लगेचच होणार आहे.

प्रणाली सापडली नाही की स्विच बहुधा आपणहून ‘स्विच:’ अशा प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञेची वाट पाहणाऱ्या ओळीवर, थांबतो. न थांबल्यास वीज काढावी, पुन्हा द्यावी आणि पहिल्या पंधरा सेकंदांत, ‘सिस्ट’ दिवा लुकलुकत असतानाच, पुढील बाजूचे ‘मोड’ बटण दाबून धरावे. दिवा क्षणभर पिवळसर होऊन स्थिर हिरवा झाला की सोडावे. पुढील आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या तरी टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्याव्यात. पहिली आज्ञा ‘फ्लॅश_इनिट’, म्हणजे फ्लॅश मेमरी वाचण्याजोगी होते. त्यानंतर ‘डिर फ्लॅश:’ दिले की आतील फाइलींची यादी आकारासह दिसते.

येथे थोडे थांबावे. यादीत ‘कॉन्फिग.टेक्स्ट’ ही फाइल असते आणि तिच्यात स्विचची सारी मांडणी साठवलेली असते. व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांची, माहिती ‘व्हीलॅन.डॅट’ या शेजारच्या फाइलमध्ये असू शकते. घाईघाईत ‘फॉरमॅट फ्लॅश:’ दिल्यास या दोन्ही जातात, आणि ज्या संस्थेत मांडणीचा कागद ठेवण्याची पद्धत नाही तेथे फर्मवेअरपेक्षा हे नुकसान मोठे ठरते. म्हणून आधी ‘मोअर फ्लॅश:कॉन्फिग.टेक्स्ट’ देऊन तो मजकूर पडद्यावर आणावा. नोंद चालू असल्याने तो लॅपटॉपवर आपोआप जतन होतो. फॉरमॅट हा शेवटचा उपाय समजावा.

यादीत ‘.बिन’ शेवट असलेली जुनी फाइल शिल्लक असेल, तर ‘बूट फ्लॅश:’ नंतर तिचे पूर्ण नाव देऊन पाहावे. स्विच उठला तर पुढची दगदग वाचते. जुनी फाइल नसेल तर नवी आणावी लागेल आणि ती नेमकी त्याच मॉडेलची हवी; २९६०, २९६०-एस आणि २९६०-एक्स यांच्या फाइली एकमेकांत चालत नाहीत. त्याच संस्थेत तशाच मॉडेलचा दुसरा चालू स्विच असल्यास ‘कॉपी फ्लॅश: टीएफटीपी:’ या आज्ञेने त्याच्यातून ती लॅपटॉपवर घेता येते (टीएफटीपी ही नेटवर्कवरून फाइल पाठवण्याची साधी पद्धत). एरवी आपल्या सेवाकरारानुसार निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवावी. ओळखीतल्या कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल वापरू नये. जागेसाठी बिघडलेली फाइल तेवढी ‘डिलीट’ने काढावी, २९६०मध्ये फ्लॅश ३२ एमबी असते आणि प्रणालीची फाइल साधारण ११ एमबीच्या घरात जाते.

आता प्रत्यक्ष पाठवणे. एक्समोडेम ही पद्धत वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली तयार केली; फाइलचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची पोच मिळाल्यावरच ती पुढचा पाठवते, त्यामुळे ती संथ आहे, पण नेटवर्कच नसताना तीच कामी येते. ९६०० वेगाने सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, म्हणजे ११ एमबीला तीन तासांहून अधिक वेळ लागेल. म्हणून आधी ‘सेट बॉड ११५२००’ द्यावे, यातील ‘बॉड’ (BAUD) मोठ्या अक्षरांत. लगेच पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. घाबरू नये, टर्मिनलचा वेगही ११५२०० केला की प्रॉम्प्ट पुन्हा नीट दिसतो. मग ‘कॉपी एक्समोडेम: फ्लॅश:’ आणि त्यापुढे फाइलचे नाव द्यावे. स्विच वाट पाहू लागतो आणि पडद्यावर रोमन ‘सी’ अक्षरे एकापाठोपाठ येत राहतात. त्या वेळी टेराटर्मच्या फाइल मेनूतून ट्रान्सफर, एक्समोडेम, सेंड असे जाऊन फाइल निवडावी. पाव ते अर्ध्या तासात काम होते. या वेळात लॅपटॉपवर दुसरे काही करू नये आणि केबल हलवू नये. स्वस्त अडॅप्टर या वेगाला मध्येच तुटत असेल तर ५७६०० वर उतरावे.

फाइल पोहोचल्यावर ‘अनसेट बॉड’ देऊन टर्मिनल पुन्हा ९६०० वर आणावे, नाहीतर पुढच्या वेळी कन्सोल जोडणाऱ्याला केवळ चिन्हांचा कचरा दिसेल. त्यानंतर ‘बूट फ्लॅश:’ आणि नव्या फाइलचे नाव.

२९६०-एस आणि २९६०-एक्स या मॉडेलांत यूएसबी पोर्ट असल्याने हा सर्व खटाटोप बराच वाचतो, कारण पेन ड्राइव्हवरील फाइलवरून बूटलोडर स्विच थेट सुरू करू शकतो. एचपीच्या प्रोकर्व्ह मालिकेत प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन प्रती असतात. सुरू होताना कन्सोलवर येणाऱ्या मेनूतून सेकंडरी निवडली की बहुधा प्रश्न सुटतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या अनमॅनेज्ड, म्हणजे मांडणी बदलता न येणाऱ्या, स्विचच्या बाबतीत यातले काही लागू नाही, तो बदलावाच.

स्विच उठल्यावर काम संपले असे मानू नये. एक्समोडेम शेवटचा तुकडा भरून काढण्यासाठी काही बाइट जोडते, त्यामुळे आलेल्या फाइलचा एमडी५, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी जुळेलच असे नाही. नेटवर्क चालू झाले आहे, तेव्हा तीच फाइल वेगळ्या नावाने टीएफटीपीने पुन्हा आणावी, ‘व्हेरिफाय /एमडी५’ने तपासावी, जुळल्यावर ‘बूट सिस्टम’ तिच्याकडे वळवावे, मांडणी जतन करावी आणि मगच एक्समोडेमची प्रत काढावी. ‘शो बूट’मध्ये योग्य नाव दिसते हे पाहून, कामाच्या वेळेनंतर, वीज एकदा मुद्दाम काढून पुन्हा द्यावी. स्विच हाताच्या मदतीशिवाय उठला पाहिजे. नीट तपासलेली फाइल काही दिवसांत पुन्हा खराब झाली, तर फ्लॅश चिपच सदोष आहे असे धरावे. तेव्हा आधी जतन केलेला मांडणीचा मजकूर नव्या स्विचवर चढवावा आणि जुना सेवेतून काढावा.