उंदरांची जोडी लावण्याआधी

नर-मादी एका पिंजऱ्यात सोडण्याआधी कागद घ्या आणि पिल्लं कुणाकडे जाणार ते नावानिशी लिहा. पाळीव उंदरांच्या एका विणीत आठ-दहा पिल्लं सहज होतात, कधी चौदाही. निदान दहा घरं तोंडी तरी पक्की नसतील तर जोडी लावूच नका. उंदीर, पक्षी, ससे बघणारा पशुवैद्यही आधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर उंदीर हातात घेत नाहीत.

मग जोडी. दुकानातून एकाच दिवशी आणलेले नर-मादी बहुतेकदा सख्खी भावंडं असतात आणि मादी कधीकधी तिथूनच गाभण होऊन येते. म्हणून ती वेगवेगळ्या ठिकाणची घ्या आणि मादीला तीन-साडेतीन आठवडे एकटीला किंवा दुसऱ्या मादीसोबत ठेवून बघा. शिंकणारी, श्वासाला घरघर असलेली किंवा नाका-डोळ्यांभोवती लाल स्राव साचणारी मादी विणीसाठी नको. श्वसनाचा आजार करणारा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू आईकडून पिल्लांत उतरतो. चावरा नरही नको, स्वभावही उतरतो. मादीचं वय चार ते सहा महिने असावं. पाच-सहा आठवड्यांची मादी गाभण राहू शकते, पण तेव्हा तिचं स्वतःचंच अंग भरायचं असतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघडतं ते हवामानामुळे. उंदराला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो. त्याला २० ते २४ अंश मानवतं. तिशीच्या वर नराची प्रजननक्षमता घटते आणि गाभण मादी कासावीस होते. पुण्यात एप्रिलअखेर व्यालेल्या माझ्या मादीची चार पिल्लं गेली. ती धापा टाकत पिल्लांपासून लांब फरशीवर पसरून पडायची, दूध पाजायला जवळच जायची नाही. तेव्हापासून मी जोडी फक्त नोव्हेंबर ते जानेवारीत लावतो. कोरड्या थंडीत खोलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा. हवा फार सुकली तर दूधपित्या पिल्लांच्या शेपटीला वळ पडतात आणि शेपूट झडूही शकते. पावसाळा मला नकोच वाटतो. ओल्या अंथरुणातून अमोनियाचा उग्र वास सुटतो, फुप्फुसं बिघडतात, शिवाय बाहेरचे उंदीर घरात शिरतात आणि लेप्टोस्पायरोसिस आणू शकतात. पिंजऱ्याच्या खोलीची मोरी आणि खिडकी जाळीने बंद करा.

उजेड बारा ते चौदा तास पुरे, रात्री अंधार हवाच. सतत दिवा जळत राहिला तर मादीचं माजाचं चक्र विस्कटतं. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर यांपासून पिंजरा लांब ठेवा, कारण आपल्याला ऐकू न येणारे उंच आवाज उंदराला ऐकू येतात.

विणीसाठी वेगळी, एकमजली जागा लागते. नेहमीच्या पिंजऱ्याच्या गजांमधून पिल्लं निसटतात. वर जाळी बसवलेला मोठा प्लास्टिकचा डबा चालतो. तळाला कागदाचे तुकडे, वर साधा टिश्यू पेपर. कापूस आणि धागे सुटणाऱ्या चिंध्या नकोत, पिल्लांच्या पायांना पीळ बसतो. देवदार-पाइनचा भुसाही नको. पाणी बाटलीतूनच द्या. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला रोजच्या खाण्यावर उकडलेलं अंडं आणि शिजवलेली मसूर द्या.

तारखा कालनिर्णयावर लिहा. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, म्हणजे दहा दिवस एकत्र ठेवलं की दोन संधी मिळतात. त्यानंतर नर बाहेर काढायचाच, कारण व्याल्यावर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते आणि लेकरं अंगावर असताना दुसरं गाभणपण तिला झेपत नाही. गर्भ २१ ते २३ दिवसांचा. १ डिसेंबरला जोडी लावली आणि पहिलाच माज लागला तर पिल्लं नाताळच्या आसपास येतील. व्यायच्या दिवशी डबा हलवू नका, पाहुणे आणू नका. पिल्लांच्या पोटात पांढरा दुधाचा पट्टा दिसला की आई पाजते आहे. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात आणि पाचवा आठवडा भरायच्या आत नर-माद्या वेगळ्या कराव्या लागतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यावर खूण करा आणि त्यासाठीचा दुसरा पिंजरा आत्ताच आणून ठेवा.