मे महिन्याच्या सुट्टीआधी पोहण्याच्या तलावाचे पाणी: घरगुती वस्तूंनी करायची तयारी

कर्जतजवळच्या आमच्या शेतघरात आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा एक लहान तलाव आहे. मे महिन्यात भाचरे-पुतणे तिथे जमतात आणि त्याआधी किमान पंधरा दिवस पाण्याच्या तयारीला लागावे लागते. पहिली नोंद आकारमानाची करावी. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली यांचा गुणाकार करून तो हजाराने गुणला की लिटर मिळतात. आमच्याकडे ते 40,000 भरतात, आणि खालची सगळी प्रमाणे याच आकड्यावर बेतलेली आहेत.

दुसरी नोंद पाणी कुठून येते याची. बहुतेक जण इथेच चुकतात असे माझे मत आहे. धरणाचे किंवा पावसाचे पाणी सहसा मऊ असते, त्यात क्षारता, म्हणजे आम्ल पचवून सामू (पीएच) स्थिर ठेवण्याची ताकद, कमी असते आणि त्याला खाण्याचा सोडा लागतो. काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी मात्र बहुधा जड असते, क्षारता त्यात आधीच भरपूर असते, आणि अशा पाण्यात कोणी सांगितले म्हणून सोडा ओतणे म्हणजे पैसे खर्चून बिघाड विकत घेणे होय.

म्हणून तपासणीचा संच मात्र विकतच घ्यावा, तिथे काटकसर करू नये. सामू, क्लोरीन, एकूण क्षारता आणि कठीणपणा (पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात चुन्यासारखे क्षार किती विरघळलेत) या चारही गोष्टी मोजणारा, थेंब टाकून रंग पाहायचा संच पुरतो. हात कोपरापर्यंत बुडवून तेवढ्या खोलीवरचे पाणी घ्यावे, नळी सकाळच्या उजेडात पांढऱ्या भिंतीसमोर धरावी आणि रंग जुळवावा. सामूचा थेंब कमी असल्यास पिवळा, बरोबर असल्यास नारिंगीकडून लालसर आणि जास्त असल्यास गडद गुलाबी दिसतो. क्लोरीन फार झाले असेल तर हाच थेंब जांभळा होऊन फसवतो, तेव्हा एक दिवस थांबून पुन्हा मोजावे. सामू 7.2 ते 7.8, क्षारता 80 ते 120 पीपीएम, कठीणपणा 200 ते 400 पीपीएम आणि मुक्त क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेले) 1 ते 3 पीपीएम असावे. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. आकडे तारखेसह वहीत उतरवावेत.

क्षारता कमी निघाली तर खाण्याचा सोडा आणावा. बेकिंग पावडर आणू नये, कारण तिच्यात पिठूळ पदार्थ आणि आम्लही असते. 40,000 लिटर पाण्यात क्षारता 10 पीपीएमने वाढवायला सुमारे 670 ग्रॅम सोडा लागतो. तो बादलीभर पाण्यात विरघळवून, पंप चालू ठेवून, कडेने फिरत थोडा थोडा सोडावा आणि पुढचे माप दुसऱ्या दिवशी घ्यावे. क्षारता आधी, सामू नंतर आणि क्लोरीन शेवटी, हा क्रम मोडू नये, कारण क्षारता डळमळीत असली की सामूही एका जागी थांबत नाही.

सामू वाढवण्यासाठी धुण्याचा सोडा सांगितला जातो. तो काम करतो, पण त्याबाबत माझा अनुभव सांगितलाच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी बोअरच्या ताज्या पाण्याचा सामू 7.0 निघाला म्हणून मी दोन किलो धुण्याचा सोडा एकदम सोडला. दहा मिनिटांत तलाव ताकासारखा पांढरा झाला आणि पायऱ्याही दिसेनाशा झाल्या. पाण्यातला चुना गोठून बाहेर पडला होता आणि तो गाळण्यात चार दिवस गेले. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि तो उडून गेला की सामू आपोआप चढतो, हे मला नंतर कळले. आता मी पाणी आत येणारी तोंडे वर वळवतो, पृष्ठभाग खळखळता ठेवतो आणि दोन दिवस थांबतो. याला एक रुपयाही लागत नाही.

बोअरच्या पाण्यात क्षारता जास्त असल्यास ती उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावे. ते हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण रंग आणि वास मिसळलेले सफाईचे द्रावण चालत नाही. 30 टक्के आम्ल सुमारे 850 मिलिलीटर घातले की आपल्या तलावात क्षारता 10 पीपीएमने उतरते. ते एका दिवशी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त घालू नये, हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि आम्ल पाण्यात ओतावे, आम्लावर पाणी कधीही ओतू नये. तेवढ्याच कामाला साधे 4 टक्क्यांचे विनेगर बारा लिटर लागेल, त्यामुळे विनेगर फरशीच्या कडेवर साचलेला पांढरा थर पुसायला ठेवावे.

क्लोरीनसाठी विनावासाचे साधे द्रव ब्लीच किंवा ग्रामपंचायतीत वापरतात ती ब्लीचिंग पावडर चालते. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण 33 टक्के असते. 2 पीपीएमसाठी सुमारे 240 ग्रॅम पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, तासभर ठेवून, फक्त वरची निवळी संध्याकाळी सोडावी. उघड्या पिशवीतली पावडर लवकर निकामी होते. पावडरीबरोबर चुनाही पाण्यात जातो, म्हणून जड पाण्याला द्रव ब्लीच बरे. उन्हात क्लोरीन काही तासांत उडते आणि त्याला टिकवणाऱ्या सायन्युरिक आम्लाला स्वयंपाकघरात पर्याय नाही. ते 30 ते 50 पीपीएम इतके विकतच घालावे. सामू 8 झाला तर क्लोरीनचा जेमतेम पाव हिस्सा खरा कामाचा उरतो, त्यामुळे आधी सामू.

गढूळपणाला तुरटी उपयोगी आहे. ती विरघळवून सोडावी, पाणी थोडा वेळ फिरवून पंप रात्रभर बंद ठेवावा आणि तळाचा गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर काढावा. तुरटीने क्षारता थोडी उतरते, म्हणून पुन्हा मोजावे. शेवाळासाठी मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाकण्याची पद्धत आमच्या भागात आहे. ती टाळावी, कारण तांब्याने भिंतींवर डाग पडतात आणि केस हिरवट होतात.

साठवणीत आम्ल आणि ब्लीच वेगवेगळ्या खोल्यांत, कुलपात आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावे. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून दोघांना एकच मग किंवा बादलीही वापरू नये. ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या एकमेकींत मिसळल्यास आग लागू शकते.

मुले यायच्या दिवशी सकाळी सामू आणि क्लोरीन पुन्हा मोजावे आणि सर्वांत खोल जागी काठावर उभे राहून तळाची जाळी पाहावी. तिच्या फटी स्पष्ट दिसत नसतील तर आकडे कितीही बरोबर असले तरी त्या दिवशी कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.